वॉकीटॉकी : डब्यावरचे किलोमीटर आणि प्रत्यक्षातले

महोदय,

पावसाळी ट्रेकचे गट, गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था, मंगल कार्यालये, बांधकामाच्या साइट, यात्रेतले स्वयंसेवक, अशा सगळ्यांच्या हातात हल्ली वॉकीटॉकी दिसतो. मोबाइल असताना याची गरज काय, असे विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरून फोन लावून पाहिलेला माणूस तरी विचारणार नाही. हे संच घेताना काय बघावे, त्यातले कायद्यात बसणारे कोणते आणि नेमक्या वेळी ते गप्प का होतात, याबद्दल मात्र फारसे कुठे छापून येत नाही. या संचांची जोडणी, दुरुस्ती आणि ते वापरण्याचे शिक्षण यांच्याशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

आमची मुख्य तक्रार अशी, की खरेदी डब्यावरचा किलोमीटरचा आकडा बघून होते. ‘10 किमी’, ‘15 किमी’ असे ठळक छापलेले असते. डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याशी, मधे काहीही आडवे नसताना बोललात तर तेवढे अंतर मिळतेही. सदाशिव पेठेत तोच संच काही गल्ल्या ओलांडल्या की खरखरायला लागतो. मग गिऱ्हाईक म्हणते, ‘याच्यापेक्षा पॉवरफुल द्या.’ दुकानदार किंवा संकेतस्थळ पाच वॉटचा संच पुढे करते, आणि इथून पैसे वाया जाण्याची व कायदा मोडण्याची सुरुवात एकदमच होते.

आधी पैशांचे पाहू. अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेले म्हणजे शक्ती दहापट झाली. पल्ला दहापट होत नाही. मधे काहीही नसेल तर तो दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे तिपटीने वाढतो. जमिनीलगत, इमारती आणि झाडांमधून बोलताना तर दुपटीलाही पोचत नाही. सिमेंटची भिंत, लिफ्टची खोली किंवा बेसॉल्टचा कडा आडवा आला की दोन्ही संच जवळपास सारखेच मुके होतात. या लहरी बऱ्याचशा नजरेसारख्या सरळ जातात, त्यामुळे पल्ला ठरतो तो उंचीवर. साधा हिशेब आहे : संच जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला 4.1 ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर त्याचे क्षितिज. दीड मीटरवर धरलेल्या संचाचे क्षितिज सुमारे 5 किमी. दोन माणसे सपाट, मोकळ्या माळावर असतील तर दोघांचे मिळून 10. त्यातला एक जण शंभर मीटरच्या टेकडीवर चढला, तर त्याचे एकट्याचे 41 होतात. बॅटरी तीच, संच तोच. अर्थात ही वरची मर्यादा झाली. अर्धा वॉट तिथपर्यंत पोचेलच असे नाही, पण क्षितिजापलीकडे पाच वॉटही पोचत नाहीत. म्हणून मंडळाचा मुख्य संच मांडवाच्या मागे टेबलावर ठेवण्यापेक्षा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एका माणसाच्या हाती द्यावा. नव्या संचांवर खर्च करण्याआधी एवढे करून बघायला काहीच लागत नाही.

आता कायद्याचे. आपल्याकडे हातातला संच परवान्याशिवाय वापरायचा असेल तर व्यवहारात पट्टा एकच आहे : 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ. 2018 च्या नियमांनी तो खुला झाला. यात साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने 16 चॅनेल बसतात, पहिला 446.00625 वर आणि सोळावा 446.19375 वर. संच अर्ध्या वॉटचे असतात. परवाना लागत नसला तरी त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता, म्हणजे ईटीए, लागतेच. बाजारात स्वस्तात मिळणारे ‘ड्युअल बँड’ संच 136 ते 174 आणि 400 ते 520 मेगाहर्ट्झ अशा दोन रुंद पट्ट्यांत चालतात, त्यांच्या कळा दाबून कुठलाही आकडा लावता येतो. त्या पट्ट्यांमध्ये पोलीस, अग्निशमन, रेल्वे, बंदरे, कारखाने अशा अनेकांच्या वाटून दिलेल्या वारंवारता आहेत. नाक्यावरच्या स्वयंसेवकाने गंमत म्हणून लावलेला आकडा कुणाच्या तरी बंदोबस्ताच्या मधोमध जाऊन पडू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ऑनलाइन विक्री मंचांना याच कारणाने नोटिसा काढल्या, आणि विक्रीच्या जाहिरातीत वारंवारता व ईटीएचा तपशील असावा अशी मार्गदर्शक तत्त्वेही आणली. तरीही ‘लायसन्स नको’ एवढेच लिहून विकलेले संच आमच्याकडे दुरुस्तीला येत असतात.

घेताना बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. डब्यावर वारंवारता आकड्यात छापलेली हवी. ‘यूएचएफ’ एवढा शब्द पुरेसा नाही. ईटीएचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक संचाच्या पाठीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावा, शेवटच्या एका अक्षरासकट. 462 किंवा 467 मेगाहर्ट्झ लिहिलेले असेल तर तो अमेरिकेतल्या नियमांसाठी बनवलेला संच आहे. परदेशातून येणारे नातेवाईक अशी जोडी भेट म्हणून आणतात. तिथे ती चालते, इथे चालत नाही. याहून मोठ्या क्षेत्रात, कारखान्यात किंवा साखर कारखान्याच्या ऊसतोड-वाहतुकीसारख्या कामात जास्त शक्तीचे संच खरोखर लागत असतील, तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावरून रीतसर परवाना आणि स्वतःची वारंवारता मिळवता येते. वेळ लागतो, वार्षिक शुल्क पडते. पण मग तो चॅनेल तुमचा असतो. आणखी एक वाट हौशी बिनतारीची, म्हणजे हॅमची. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन हा परवाना काढता येतो. मात्र तो शिकण्यासाठी, प्रयोगांसाठी आणि आपत्तीत मदतीसाठी आहे. हॅमच्या वारंवारतेवर साइटवरचे सिमेंट मागवणे किंवा केटरिंगची पाने मोजणे बसत नाही.

संच चांगला घेतला, तरी तो कसा धरला जातो यावर निम्मा खेळ असतो. 446 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 67 सेंटिमीटर. संचावरची बोटभर अँटेना ही त्या लहरीच्या मानाने आधीच तोकडी असते. ती कमरेला, पट्ट्यात, शरीराला चिकटलेली असली की शरीर बराच भाग शोषून घेते. बोलताना संच तोंडासमोर, अँटेना उभी. आडवी धरली तर समोरच्याच्या उभ्या अँटेनाशी ती जुळत नाही आणि आवाज पडतो. अँटेनाला धरून संच उचलायचा नाही, बोलताना तिच्यावर हात ठेवायचा नाही. अँटेना काढता येणाऱ्या परवान्याच्या संचात ती नीट फिरवून बसवल्याशिवाय बोलण्याचे बटण दाबू नये. शक्ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती उलटी फिरते आणि प्रक्षेपणाचा ट्रान्झिस्टर जळतो. ही दुरुस्ती बहुतेक वेळा नव्या संचाच्या किमतीच्या आसपास जाते. बोलणे तुटत असेल तर जागा बदला, पण फार नाही. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि मेलेली जागा जेमतेम हातभर असते. अर्धे पाऊल सरकले तरी आवाज परत येतो. लोक नेमके उलटे करतात, तिथेच उभे राहून आवाज चढवतात.

आवाज चढवून काही मिळत नाही. एफएम संच आवाजाच्या चढ-उताराला एक कमाल मर्यादा घालतो. त्यावर ओरडले की शब्द नुसता फाटतो. माइकपासून पाच-सात सेंटिमीटरवर, नेहमीच्या आवाजात, थोडे तिरके बोलावे म्हणजे श्वासाचा फुत्कार आत जात नाही. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबावे. संच ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायला आणि पलीकडच्या संचाचे कान उघडायला क्षणभर लागतो. तो क्षण न दिल्यामुळे पहिला शब्द गळतो, आणि पहिला शब्द बहुधा ज्याला हाक मारली त्याचे नाव असते. ‘...वर पाठव’ एवढेच ऐकू येते आणि तिघे जण ‘कोण? मी?’ म्हणून एकदम बटण दाबतात. त्या क्षणी एकतर नुसती शिट्टी ऐकू येते किंवा ज्याचा संच जवळ त्याचा आवाज बाकीच्यांना गिळून टाकतो, आणि गिळलेल्यांना ते कळतही नाही. म्हणून आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव दोनदा, मग आपले : ‘गेट, गेट, मी मांडव.’ त्याचा ‘बोला’ आल्यावरच निरोप. निरोप संपला की ‘ओव्हर’. हा शब्द सिनेमातला वाटतो म्हणून लोक लाजतात. तीन माणसांत तो नसला तरी चालेल. दहा माणसांत तो नसेल तर कोण कधी संपला हे कळत नाही.

मराठीत बोलताना आकड्यांचा घोळ होतो, त्याबद्दल जरा सविस्तर. हे संच साधारण 300 ते 3000 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख ज्या वरच्या सुरांत असते ते गाळले जातात. ‘त’ आणि ‘ठ’ मधला फरक खरखरीत बुडतो. सात आणि साठ, सहा आणि दहा, दोन आणि तीन हे एकमेकांच्या जागी ऐकू येतात. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत सुरुवात सारखी, आणि जिथे फरक आहे ते शेपूट नेमके तुटते. बावीस आणि बावन्न, पंचवीस आणि पंचावन्न यांचेही तेच. उपाय साधा आहे, आकडा सुटा सुटा सांगायचा : ‘पाच नऊ, एकोणसाठ.’ आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. ‘हो’ हा शब्द वॉकीटॉकीवर टाळावा. तो एवढा आखूड आहे की बटणाच्या उशिरात अख्खा गिळला जातो. ‘होय, बरोबर’ किंवा ‘मिळाले’ म्हणावे. ‘नाही’ दोनदा म्हणावे. ‘जाऊ नका’ यातले ‘नका’ तुटले की ‘जाऊ’ उरते, तेव्हा धोक्याच्या जागी नकारार्थी आज्ञाच नको. ‘थांबा, थांबा’ म्हणावे.

हे सगळ्यात जास्त लागू पडते ते क्रेनच्या साइटवर. टॉवर क्रेनच्या चालकाला बऱ्याचदा माल दिसत नाही, तो खालच्या सिग्नलमनच्या आवाजावर चालवतो. इथली पद्धत सगळ्या संच वापरणाऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. माल हलत असेपर्यंत सिग्नलमन बटण सोडत नाही आणि बोलणे थांबवत नाही : ‘खाली, खाली, खाली, सावकाश, दोन मीटर, एक मीटर, थांबा.’ आवाज बंद पडला, मग बॅटरी संपली असो, बटण सुटले असो किंवा माणूस पडला असो, चालकाने हालचाल थांबवायची. शांतता म्हणजे ‘चालू ठेव’ नव्हे, ‘थांब’. म्हणूनच एका क्रेनला एक चॅनेल, आणि त्यावर चहा कुठे आहे हे विचारायचे नाही. शेजारच्या प्लॉटवरची क्रेनही परवाना नको असलेल्या पट्ट्यातच असेल तर आधी दोन्ही साइटच्या लोकांनी बसून चॅनेल वाटून घ्यावेत. दुसऱ्याच्या सिग्नलमनचा ‘उचल’ आपल्या चालकाने ऐकला तर काय होईल हे सांगायला नको. शक्य असेल तिथे अशा कामाला परवान्याची स्वतंत्र वारंवारताच घ्यावी, इथे काटकसर नको.

‘आम्ही प्रायव्हसी कोड लावलाय’ असे उत्तर यावर हमखास मिळते. हा कोड म्हणजे आवाजाखाली सतत वाजणारा एक बारीक सूर. 67.0 पासून 250.3 हर्ट्झपर्यंतचे 38 सूर बहुतेक संचांत असतात, शिवाय आकडी कोडही. तुमच्या संचाला ठरलेला सूर ऐकू आला तरच तो स्पीकर उघडतो, बाकीच्यांना कानाआड करतो. कानाआड करतो, एवढेच. ते तुम्हाला ऐकतातच, आणि तुमच्या बोलण्यात त्यांचे बोलणे मिसळतेही. उलट कोडमुळे एक नवा त्रास होतो : चॅनेल रिकामा वाटतो, म्हणून तुम्ही बटण दाबता आणि दुसऱ्याच्या निरोपावर चढता. बटण दाबण्याआधी मॉनिटरची कळ, म्हणजे कोड बाजूला ठेवून सगळे ऐकवणारी कळ, दाबून ऐकावे, किंवा संचात ‘बिझी चॅनेल लॉक’ (चॅनेलवर कुणी बोलत असताना आपला संच बोलू न देणारी सोय) असेल तर तो चालू ठेवावा. कोडला कुलूप समजून कुणी रोख रक्कम घेऊन कोण कधी निघाले, दागिने कुठल्या खोलीत आहेत, रुग्णाचे नाव व फोन नंबर, असे काही बोलू नये. मंगल कार्यालयांत हे सर्रास चालते.

कोडमध्येच एक आडवळणाची गफलत आहे, जी दोन कंपन्यांचे संच एकत्र वापरणाऱ्यांना तासन्‌तास सतावते. 38 सुरांच्या यादीत पहिला 67.0 आणि दुसरा 71.9 असतो. काही कंपन्या मधे 69.3 घालतात, म्हणजे यादी 39 ची होते आणि पहिल्यानंतरचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. एकाच्या संचावर कोड 5, दुसऱ्याच्या संचावर कोड 5, चॅनेल एकच, हिरवा दिवा लागतो म्हणजे लहर पोचते आहे, तरी आवाज नाही. तेव्हा आधी दोन्हीकडचा कोड शून्यावर न्या. बोलणे सुरू झाले तर दोष कोडचा. मग पुस्तिकेतले हर्ट्झचे आकडे जुळवा, क्रमांक नव्हे. चॅनेलच्या क्रमांकाचेही असेच. आठच चॅनेल असलेला जुना संच नव्या सोळाच्या संचाशी पहिल्या आठांवरच बोलेल. आणि आवाज येतो पण खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक, किंवा उलट फाटका, तर एक संच साडेबारा किलोहर्ट्झच्या अरुंद आणि दुसरा पंचवीसच्या रुंद मापावर आहे.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी वेगळे सांगावे लागते. सह्याद्रीत अडचण अंतराची नसते, आडोशाची असते. नळीच्या वाटेने बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढणारा गट घ्या. नळीच्या आत दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आकाशाची पट्टी. पुढचा आणि मागचा माणूस यांच्यात दोनशे मीटर असले तरी एक वळण मधे आले की संपर्क तुटतो, आणि वर पठारावर पोचलेला माणूस कड्यापासून आत सरकला की त्याला खालचे काहीच ऐकू येत नाही. संपर्कासाठी कुणी धारेवर जाऊन उभे राहू नये. तीन संच न्यावेत : एक पुढच्याकडे, एक सर्वांत मागच्याकडे, तिसरा मधल्या अशा माणसाकडे ज्याला दोघेही ऐकू येतील. मधल्याचे काम निरोप जसाच्या तसा पुढे देणे, स्वतःच्या शब्दांत नव्हे. निघण्याआधी पायथ्याशी तिन्ही संच एकदा बोलून बघावेत, तेही एकमेकांशेजारी उभे राहून नाही. जवळ दोन संच असले की एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून किंचाळतो आणि संच बिघडल्यासारखा वाटतो. पन्नास पावले लांब जावे.

पावसाचा या लहरींवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. धुक्याचा तर नाहीच. ओल्या गर्द झाडीचा मात्र होतो, श्रावणात कारवीच्या रानातून पल्ला घटतो. पाऊस मारतो तो यंत्राला. संचावर आयपी 67 लिहिलेले असले म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी तो पास झाला आहे, पण ती चाचणी इअरफोनच्या भोकावरचे रबरी झाकण घट्ट बसलेले असतानाची. ते झाकण उघडे ठेवून किंवा इअरफोन लावून पावसात फिरलात तर तो आकडा लागू नाही. आयपी 54 म्हणजे नुसते शिंतोडे. पाण्यात पडलेला संच आधी बंद करावा, बॅटरी काढावी, स्पीकर खाली करून झटकावा. चालू करून ‘बघू चालतो का’ हेच संच मारण्याचे मुख्य कारण. पावसात चालू असलेल्या संचाचा आवाज एकदम दबला, तर बहुधा माइकच्या जाळीवर पाण्याचा थेंब बसलेला असतो, जाळी खाली करून दोनदा झटकला की मोकळा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून बोलता येते, फक्त पिशवी सैल हवी आणि आत घामाची वाफ साठू देऊ नये.

बॅटरीच्या बाबतीत डब्यावरचे तास हेही गोड आकडे. ते 5 टक्के बोलणे, 5 टक्के ऐकणे आणि 90 टक्के गप्प बसणे या हिशेबाने काढलेले असतात. मिरवणुकीत कुणी 90 टक्के गप्प बसत नाही. पाच वॉटचा संच बोलताना सुमारे दीड अँपिअर ओढतो, नुसता वाट बघताना त्याच्या मानाने अगदी थोडा. म्हणजे बॅटरी वाचवायची तर कमी बोलणे, आणि परवान्याच्या संचात जवळच्या कामाला ‘लो पॉवर’ लावणे. लिथियम बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, ही जुन्या निकेलच्या सेलची शिकवण आहे. लिथियमला ती घातक. उत्सव संपल्यावर संच वर्षभर कपाटात जातात, तेव्हा निम्म्या चार्जवर, बॅटरी संचातून काढून ठेवाव्यात आणि तीन महिन्यांनी एकदा बघाव्यात. भरून किंवा रिकाम्या ठेवलेल्या पुढच्या वर्षी फुगलेल्या निघतात. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, सरळ ई-कचऱ्यात द्यावी. ‘चार्ज होत नाही’ म्हणून येणाऱ्या संचांपैकी पुष्कळांत बॅटरी ठीक असते, पितळी टिकल्या काळ्या पडलेल्या असतात. कोकणात खाऱ्या हवेने हे लवकर होते. खोडरबर आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते, पॉलिश पेपर नको, त्याने मुलामा जातो.

मिरवणुकीतली आणखी दोन दुखणी. पहिले, हात मोकळे राहावेत म्हणून लावलेला व्हॉक्स. आवाज ऐकला की संच आपोआप बोलायला लागतो, आणि ढोल-ताशाच्या पथकाशेजारी तो थांबतच नाही. एका माणसाचा संच अख्खे पथक साऱ्या मंडळाला ऐकवत बसतो. मिरवणुकीत व्हॉक्स बंद. इअरफोनची नळी एका कानात, बटण छातीवर, आणि निरोप टोलाच्या मधल्या पोकळीत. दुसरे, अडकलेले बटण. संच खिशात दाबला गेला, किंवा घामाने-पावसाने स्पीकर-माइकच्या वायरच्या पिनेत ओल गेली, की बटण न दाबताच संच बोलत राहतो आणि त्या चॅनेलवर दुसरे कुणी बोलू शकत नाही. ओळख सोपी : ज्याच्या संचाचा लाल दिवा सतत पेटलेला तो गुन्हेगार, आणि त्याला स्वतःला काही ऐकू येत नसल्याने कळतही नाही. म्हणून प्रत्येक संचात ‘टाइम-आउट’, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर बोलणे आपोआप तोडणारी सोय, 60 सेकंदांवर लावून ठेवावा, आणि आधीच सगळ्यांना सांगावे की चॅनेल अडकला तर पाच वर जायचे. हा पर्यायी चॅनेल ठरवलेला नसेल तर तो ठरवण्यासाठी बोलायचे कशावर, हा प्रश्न उरतो.

मच्छीमार बांधवांबद्दल थोडेच, कारण त्यांना हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हौशी मंडळी मात्र मालवण-मुरूडकडे होडीत बसताना 446 चा संच घेऊन निर्धास्त होतात. समुद्रात तो संकटासाठी कामाचा नाही. तिथे ऐकला जातो तो सागरी व्हीएचएफचा 16 क्रमांकाचा चॅनेल, 156.8 मेगाहर्ट्झ. त्यासाठी वेगळा संच आणि वेगळा परवाना लागतो. मोबाइलची रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554.

आता ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे मागणी. ऑनलाइन मंचांनी ‘किती किमी’ हा रकाना काढून तिथे वारंवारता, वॉट आणि ईटीए क्रमांक एवढेच छापावे. गणेशोत्सवाआधी पोलीस ठाण्यांत मंडळांच्या बैठका होतातच. त्यात संचांचे मॉडेल क्रमांक तपासून घ्यावेत आणि एका भागातल्या मंडळांत 16 चॅनेल वाटून द्यावेत. आज शेजारशेजारच्या चार मंडळांचे संच खोक्यातून काढल्यासारखे चॅनेल 1 वरच असतात. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी प्रत्येक संचाच्या पाठीवर पावसात न पुसली जाणारी एक पट्टी चिकटवावी : मुख्य चॅनेल, पर्यायी चॅनेल, कोड हर्ट्झमध्ये, आणि संपर्क तुटला तर दर तासाला शून्य व तीस मिनिटांनी संच चालू करून तीन मिनिटे ऐकायचे, ही ओळ. स्वयंसेवकांना हे सगळे शिकवायला एक दुपार पुरते, आणि शिकवताना संच दोन मजल्यांवर वाटून द्यावेत, एका खोलीत नाही.

— बिनतारी संचांचे काम करणारे काही वाचक, पुणे